चहाच्या पेटीला दोरी बांधून पाचगणीत बँड सुरू झाला, त्यातला लाजाळू पियानोवाला पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला

विकेंडला मुळशी धरणाच्या काठावर गेलात तर एक सीन हमखास दिसतो. तंबू ठोकलेत, शेकोटी पेटलीये आणि एक गडी गिटार घेऊन बसलाय. त्याला जेमतेम चार कॉर्ड येतात. दुसरा पाण्याच्या रिकाम्या जारवर ठेका धरतो, तिसरा ताटलीवर चमचा वाजवतो आणि चौथ्याला काहीच वाजवता येत नाही म्हणून तो गातो. आधी काहीच ठरलेलं नसतं, पण दहा मिनिटांत शेजारच्या तंबूतली पोरंही येऊन बसतात.

यालाच संगीताच्या भाषेत जॅमिंग म्हणतात.

जॅमिंग म्हणजे समोर कागद न ठेवता, एकमेकांचं ऐकत जागच्या जागी वाजवत जाणं. आपल्याला हे नवीन नाही. गावातल्या हरिनाम सप्ताहात बुवा एखादा चरण घोळवत बसतात, पखवाजवाला त्यावर लय वाढवतो आणि टाळकरी बरोबर जागेवर उचलतात. अमेरिकेत साठच्या दशकात ग्रेटफुल डेडसारख्या बँडनी हीच गोष्ट रॉकमध्ये आणली. एकच गाणं रोज रात्री वेगळं वाजायचं, कधी दहा मिनिटं तर कधी अर्धा तास.

आता प्रश्न असा की अशा टोळीचा बँड कधी होतो? आणि बँडला पब्लिक कुठून मिळतं?

याचं एक भन्नाट उत्तर पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर आहे. पाचगणीत. १९५८ च्या सुमाराला तिथल्या एका बोर्डिंग शाळेत पाच पोरांनी असाच एक बँड काढला होता. त्यातला एक जण पुढे जगातला सगळ्यात गाजलेला रॉक गायक झाला.

त्याचं नाव फारुख बुलसारा. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं.

आठ वर्षांचं पोरगं, झांझिबार ते पाचगणी

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. घर पारशी. वडील बोमी आणि आई जेर. बुलसारा हे आडनावच गुजरातमधल्या बुलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. झांझिबारवर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि बोमी तिथल्या हायकोर्टात कॅशियर होते.

घरची परिस्थिती चांगली होती, पण पोराला चांगलं शिक्षण द्यायचं तर भारतात पाठवायचं असं ठरलं. १९५५ मध्ये आठ वर्षांचा फारुख बोटीने मुंबईला आला आणि तिथून पाचगणीला, सेंट पीटर्स स्कूलमध्ये.

विचार करा. आठ वर्षांचं पोरगं, आईबाप समुद्रापलीकडे, ना फोन ना व्हिडिओ कॉल. सुट्टीतही बऱ्याचदा मुंबईतल्या नातेवाईकांकडेच राहायचं. त्यात आणखी एक भर म्हणजे त्याचे दात. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे असल्याने पुढचे दात बाहेर आलेले. बोर्डिंगमधली पोरं कशी असतात हे सांगायला नको. त्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘बकी’. दात पुढे असलेला.

हसताना ओठांनी किंवा हाताने दात झाकायची सवय त्याला आयुष्यभर राहिली.

पण त्याच शाळेने त्याला दुसरं नावही दिलं. फारुख म्हणायला अवघड म्हणून मित्र त्याला फ्रेडी म्हणायला लागले. घरच्यांनीही पुढे तेच नाव उचललं.

पोरगा हुशार होता. बॉक्सिंग खेळायचा, टेबल टेनिसमध्ये बक्षिसं मिळवायचा, चित्रं छान काढायचा. पण त्याचा कान वेगळाच आहे हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. थोडी जास्तीची फी भरून याला पियानो शिकवा असं त्यांनी घरी पत्राने कळवलं. आईवडील हो म्हणाले आणि फ्रेडी पियानोच्या चार परीक्षा पास झाला.

पियानोच्या तासाला अर्थातच शास्त्रशुद्ध पाश्चात्य संगीत असायचं. त्याच्या कानात मात्र भलतंच चालू होतं.

रेडिओवर ऐकायचं आणि हाताने शोधायचं

तो काळ रॉक अँड रोलचा. अमेरिकेत एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो यांनी धुमाकूळ घातलेला, तर इंग्लंडमध्ये क्लिफ रिचर्ड नुकताच वर येत होता. भारतात ही गाणी ऐकायची तर मोठा आधार रेडिओ सिलोनचा. रेकॉर्ड विकत घेणं बोर्डिंगमधल्या पोरांना परवडणारं नव्हतं आणि गाण्याचं नोटेशन मिळणं तर त्याहून लांबची गोष्ट.

फ्रेडीची खासियत इथे कामाला आली. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो पियानोवर जाऊन वाजवायचा, असं त्याच्या शाळासोबत्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय. जे आठवेल ते तसंच वाजवायचं आणि जे आठवणार नाही ते आपल्या मनाने भरायचं.

याच्याभोवतीच टोळी जमली. ब्रूस मरे गायचा. डेरिक ब्रांच गिटारवर. व्हिक्टरी राणा ड्रमवर, हा नेपाळचा. पियानोवर फ्रेडी. आणि पाचवा फरांग इराणी, बेसवर.

आता बेस म्हणजे बेस गिटार वगैरे नाही हां. ती कुठून आणणार? चहापत्ती भरून येते तसली लाकडी पेटी घ्यायची, उलटी ठेवायची. तिला एक दांडा उभा करायचा आणि पेटीपासून दांड्याच्या टोकापर्यंत दोरी ताणायची. दांडा मागे खेचला की दोरी ताठ होते आणि सूर चढतो, ढिला सोडला की सूर उतरतो. पोकळ पेटीमुळे आवाज घुमतो. ही फरांगची बेस. इंग्लंडमध्येही तेव्हा पोरं असल्याच पेट्या घेऊन बँड काढत होती, कारण त्याला जवळजवळ काहीच खर्च नव्हता.

बँडचं नाव ठेवलं ‘द हेक्टिक्स’.

पहिलं पब्लिक

हेक्टिक्सचे कार्यक्रम म्हणजे शाळेचे समारंभ आणि जत्रेसारखे मेळावे. तेलाने चापून बसवलेले केस, पांढरे शर्ट, काळे टाय असा त्यांचा थाट. पाचगणी हे शाळांचं गाव, त्यामुळे जवळच्या किमिन्स शाळेतल्या मुलीही कार्यक्रमांना यायच्या. परदेशात एल्व्हिससाठी मुली किंचाळतात हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पाचगणीच्या मुलीही मग तशाच किंचाळायला लागल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. स्टेजच्या मध्ये ब्रूस उभा असायचा. फ्रेडी पियानोवर आणि मागून साथीला आवाज द्यायला. एरवी हा पोरगा लाजाळू, कमी बोलणारा. पण पियानोवर बसला की त्याच्यात काहीतरी बदलायचं, हेही सोबत्यांनी सांगितलंय. दातांवरून चिडवणारी तीच शाळा समोर बसलेली असायची आणि त्या वेळी ती टाळ्या वाजवत असायची.

हेक्टिक्स काही फार वर्षं चालला नाही. शाळा संपली, बँड संपला. १९६३ पर्यंत फ्रेडी झांझिबारला परतला होता. पण रेडिओ, चहाची पेटी आणि समोर बसलेली पोरंपोरी एवढ्या भांडवलावर बँड उभा राहतो हे त्याने वयाच्या बाराव्या वर्षीच बघून ठेवलं होतं.

क्रांती, विमानतळ आणि जुन्या कपड्यांचा गाळा

जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली आणि अरब व भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले. बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम भागात छोट्याशा घरात राहू लागलं.

१७ वर्षांचा फ्रेडी आता निर्वासित होता. त्याने विमानतळावर सामान उचलण्याचं काम केलं. ईलिंगच्या आर्ट कॉलेजमधून ग्राफिक डिझाईन शिकला. केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलर नावाच्या मित्रासोबत जुने, फॅशनेबल कपडे विकायचा गाळा चालवला.

गाण्यातही धडपड चालू होती. आयबेक्स, रेकेज, सार मिल्क सी अशा बँडमध्ये तो गायला. एकही टिकला नाही. पण त्याच काळातल्या एका कार्यक्रमात एक अपघात झाला. गाता गाता माईकचा स्टँड मधूनच तुटला. दुसरा कुणी असता तर गाणं थांबवून नवा स्टँड मागवला असता. फ्रेडी हातात आलेला अर्धा दांडा घेऊनच गात राहिला. त्याला तो इतका आवडला की पुढे आयुष्यभर त्याने स्टेजवर अर्धाच स्टँड वापरला. कधी तलवार, कधी गिटार, कधी छडी. आज फ्रेडीचं कुठलंही चित्र बघा, तो अर्धा दांडा दिसतोच.

रॉजर टेलर हा ‘स्माईल’ नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. गिटारवर होता ब्रायन मे, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. फ्रेडी त्यांचे कार्यक्रम बघायला जायचा आणि तुम्ही असं करा, तसं करा म्हणून सल्ले द्यायचा. १९७० मध्ये त्यांचा गायक टिम स्टॅफेल सोडून गेला. सल्ले देणारा गडी स्वतःच मध्ये येऊन उभा राहिला.

बँडचं नाव बदलून ‘क्वीन’ ठेवलं, ते फ्रेडीने. स्वतःचं आडनाव बदलून मर्क्युरी केलं, तेही याच काळात. बेससाठी दोनतीन जण आले नि गेले, शेवटी १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौकडी पक्की झाली. बँडचा लोगोही फ्रेडीनेच काढला. चौघांच्या राशींवरून दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीच्या फ्रेडीसाठी दोन पऱ्या.

पब्लिक एका रात्रीत मिळत नाही

क्वीनला सुरुवातीला कुणी विचारत नव्हतं. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत मोठ्या कलाकारांचं काम संपलं की रात्री उरलेल्या वेळात यांना रेकॉर्डिंग करायला मिळायचं. १९७३ मध्ये पहिला अल्बम आला, पण पहिलं गाणं चार्टवर चढलंच नाही. त्याच वर्षी ते मॉट द हूपल या बँडच्या दौऱ्यात पहिल्या फळीला वाजवत गावोगाव फिरले. म्हणजे लोक आलेत दुसऱ्याला ऐकायला आणि तुम्हाला अर्ध्या तासात त्यांना आपलंसं करायचंय. दुसऱ्याचं पब्लिक आपलं कसं करायचं हे ते इथे शिकले.

१९७४ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात डेव्हिड बोवीच्या जागी त्यांना ऐनवेळी बोलावलं गेलं आणि इंग्लंडने त्यांचा चेहरा बघितला. १९७५ मध्ये आलं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’. जवळपास सहा मिनिटांचं गाणं, त्यात मधेच ऑपेरा. एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही असं सगळ्यांचं म्हणणं. फ्रेडीचा मित्र आणि रेडिओ निवेदक केनी एव्हरेटने ते दोन दिवसांत १४ वेळा लावलं. गाणं नऊ आठवडे इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर राहिलं.

आता कुणी म्हणेल, हे गाणं कुठे जॅमिंगमधलं? बरोबर आहे. क्वीनची स्टुडिओतली गाणी थरावर थर चढवून, घासूनपुसून तयार व्हायची. तासन्‌तास मनाने वाजवत बसणारा हा बँड नव्हता.

पण स्टेजवरची गोष्ट निराळी होती.

मग पब्लिकच बँडमध्ये आलं

१९७७ मध्ये इंग्लंडमधल्या बिंग्ली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, तरी लोक हलेनात. उलट तेच सगळे मिळून एक गाणं गायला लागले, फुटबॉलच्या मैदानावर गातात ते. आतून हे ऐकणाऱ्या चौघांच्या डोक्यात एकच विचार आला. लोकांना गायचंच आहे, तर त्यांना गाण्यात जागा का देऊ नये?

त्यातून ब्रायन मेने ‘वुई विल रॉक यू’ लिहिलं आणि फ्रेडीने ‘वुई आर द चॅम्पियन्स’. पहिल्या गाण्यात जवळजवळ शेवटपर्यंत वाद्यच नाही. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. गर्दीत उभं राहून माणूस काय करू शकतो, तर एवढंच. म्हणून तेवढ्यावरच गाणं बांधलं. आज वानखेडेवर विकेट पडली तरी तोच ठेका वाजतो.

१९७९ मध्ये म्युनिकच्या हॉटेलात अंघोळ करताना फ्रेडीला एक चाल सुचली. ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’. त्याला गिटार अगदी मोजकी यायची, पण ती घेऊनच त्याने गाणं पूर्ण केलं आणि स्टुडिओत ते झटपट रेकॉर्डही झालं. ऐकाल तर लक्षात येईल, हे सरळसरळ एल्व्हिसच्या जमान्यातलं रॉक अँड रोल आहे. हेक्टिक्स जे वाजवायचे, तेच. हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं.

आणि १९८१ मध्ये तर खरोखरचं जॅमिंग झालं. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोच्या स्टुडिओत डेव्हिड बोवी भेटायला आला. सगळे मिळून जुनी गाणी वाजवत बसले आणि त्यातूनच नवीन चाल निघाली. जॉन डीकनने बेसवर एक तुकडा वाजवला, सगळे जेवायला गेले आणि परत येईपर्यंत तो स्वतःच तो तुकडा विसरला, असा किस्सा सांगितला जातो. नशिबाने बाकीच्यांना आठवत होता. ते गाणं म्हणजे ‘अंडर प्रेशर’.

याच काळात फ्रेडीचा आणि पब्लिकचा एक खेळ ठरून गेला होता. गाण्यांच्या मध्ये तो नुसताच एक आलाप घ्यायचा. ना शब्द, ना वाद्य. पब्लिकने तो परत म्हणायचा. मग थोडा अवघड. मग आणखी अवघड. रोज नवीन, त्या क्षणी सुचेल तो. बुवा आणि टाळकरी यांच्यात चालतं तेच, फक्त टाळकरी हजारोंच्या संख्येने. १९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये एका रात्री १ लाख ३० हजारांच्या आसपास लोक समोर होते. इंग्रजी न येणारे लोकही पूर्ण गाणी म्हणत होते.

ती २१ मिनिटं

१९८४-८५ मध्ये मात्र क्वीनचे दिवस फिरले होते. अमेरिकेत लोकप्रियता घसरलेली. त्यात वर्णभेदामुळे जगाने बहिष्कार टाकलेल्या दक्षिण आफ्रिकेत, सन सिटीला जाऊन त्यांनी कार्यक्रम केले. यावरून जोरदार टीका झाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. ती टीका चुकीची होती असं म्हणता येणार नाही.

अशा वेळी १३ जुलै १९८५ चा दिवस आला. इथिओपियातल्या दुष्काळासाठी निधी जमवायला ‘लाईव्ह एड’ हा कार्यक्रम ठेवलेला. लंडनचं वेम्बली स्टेडियम, ७२ हजार लोक. प्रत्येक बँडला २० मिनिटांच्या आसपास वेळ. क्वीनचा नंबर संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, लख्ख उजेडात. म्हणजे त्यांचे गाजलेले लाईट नाहीत, धूर नाही. पब्लिकही फक्त त्यांचं नव्हतं.

फ्रेडी धावत आला आणि थेट पियानोवर बसला. मग तो उठला, अर्धा माईक हातात घेतला आणि ‘रेडिओ गागा’ला ७२ हजार लोकांचे हात एकाच वेळी डोक्यावर टाळ्या वाजवायला लागले. त्यानंतर तो आलापाचा खेळ. हा गातोय, स्टेडियम परत म्हणतंय. पुढच्या गाण्यासाठी बँडने थोडा वेळ वाट बघितली, इतकंच.

२१ मिनिटं. त्यानंतर क्वीन कुठे उतरणीला लागलाय असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. रॉकच्या इतिहासातल्या सर्वोत्तम कार्यक्रमांच्या याद्यांमध्ये ही २१ मिनिटं आजही वरच्या नंबरला असतात.

पुढच्या वर्षी हंगेरीत बुडापेस्टला गेला तेव्हा त्याने हातावर शब्द लिहून आणले आणि तिथलं लोकगीत त्यांच्याच भाषेत म्हटलं. ९ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडमध्ये नेबवर्थला क्वीनसोबतचा त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला, लाखाहून जास्त लोकांसमोर. तो शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

जे त्याने झाकून ठेवलं

एवढ्या लोकांसमोर मोकळा होणारा हा माणूस स्वतःबद्दल मात्र गप्प असायचा. आपलं पारशीपण, पाचगणी, झांझिबार यावर तो जाहीरपणे फार क्वचित बोलला. सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये आशियाई लोकांबद्दलचा द्वेष रस्त्यावर दिसत होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं. पुरुषांवरच्या प्रेमाबद्दलही तो उघडपणे फारसा बोलला नाही. ज्या दातांची आयुष्यभर लाज वाटली ते पैसा आल्यावरही त्याने काढले नाहीत, आवाज बदलेल या भीतीने.

१९८७ च्या सुमाराला त्याला एड्सचं निदान झालं. त्या काळी या आजारावर धड औषध नव्हतं आणि रोग्याकडे बघण्याची नजर त्याहून वाईट होती. वर्तमानपत्रं दारात टपून बसलेली. तरी तो स्टुडिओत जात राहिला, उभं राहवत नसतानाही गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजाराची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, लंडनच्या घरी गेला. वय ४५.

त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी, झरथुष्ट्री प्रार्थना म्हणून केले.

२० एप्रिल १९९२ ला त्याच वेम्बलीवर ७२ हजार लोक पुन्हा जमले, त्याच्याशिवाय. त्यातून एड्सविरोधात काम करणारा मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला, तो आजही चालू आहे.

आणि हेक्टिक्सचं काय झालं?

ड्रम वाजवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख म्हणून त्याने काम केलं. गिटारवाला डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला, तिथल्या टीव्ही मालिकांमध्ये दिसला. गायक ब्रूस मरेही इंग्लंडला गेला. आणि चहाच्या पेटीवर बेस वाजवणारा फरांग इराणी? त्याने बाउंटी सिझलर्स नावाने हॉटेल काढलं आणि पुणेकरांना सिझलर खाऊ घातले.

फ्रेडीच्या हयातीत क्वीनचा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही. २०१८ मध्ये त्याच्यावर आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या सिनेमानेही पाचगणीची वर्षं पडद्यावर आणली नाहीत. त्यामुळे ७२ हजारांच्या स्टेडियमला आपल्यासोबत गायला लावणाऱ्या माणसाचा पहिला श्रोता कोण, हे जगातल्या बऱ्याच लोकांना ठाऊकच नाही.

तो श्रोता होता शाळेच्या हॉलमध्ये बसलेली, पाचगणीतली पोरंपोरी.